शेपटी असलेला कोळी: नामशेष अष्टपादांचे जीवाश्म कसे वाचायचे

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरते: इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा कोळी सापडला. सोबतच्या चित्रातला कोळी बहुतेक वेळा मांजराएवढा दिसतो. बातमी पुढे वाचली की कळतं, प्राणी अडीच मिलिमीटरचा आहे किंवा शास्त्रज्ञांनी त्याला कोळी म्हटलेलंच नाही. वाचणाऱ्याचा गोंधळ होणं साहजिक आहे. आठ पाय आहेत, जबडे आहेत, दिसतोय कोळ्यासारखा, मग कोळी का नाही?

उत्तर समजायला एकच गोष्ट पक्की धरून ठेवावी लागते. कोळी हा प्राणी सगळ्या अवयवांसकट एकदम अवतरलेला नाही. आठ पाय फार जुने, सूत त्यानंतरचं, आणि ते सूत हवं तिथे नेमकं सोडणारे अवयव आणखी नंतरचे. मधल्या काळात काही अवयव असलेले आणि काही नसलेले अनेक प्राणी जगले आणि संपले. आज ओळखीच्या वाटणाऱ्या साच्यात ते बसत नाहीत, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहेत.

## अष्टपाद म्हणजे कोण?

कोळी, विंचू, गोचीड, तिचे बारीक नातेवाईक माइट, लांब काटकुळ्या पायांचे हार्वेस्टमन हे सगळे अष्टपाद. ते कीटक नव्हेत. कीटकाला सहा पाय, मिशा आणि बहुधा पंख असतात. अष्टपादाला चालायचे आठ पाय असतात, मिशा आणि पंख कधीच नसतात. शरीराचे मुख्य भाग दोन: पाय आणि तोंड असलेला पुढचा भाग, आणि मागचं उदर. तोंडापुढे जबड्यांची एक जोडी असते आणि तिच्यामागे पेडिपाल्प नावाची दुसरी जोडी. विंचवाचे पुढचे चिमटे म्हणजे हेच पेडिपाल्प. नर कोळी त्यांचा वापर मादीपर्यंत शुक्राणू पोचवण्यासाठी करतो.

आज जिवंत असलेले अष्टपादांचे गण डझनाच्या आसपास आहेत. त्याखेरीज चार गण केवळ जीवाश्मांतून माहीत आहेत: ट्रायगोनोटार्बिड, युरॅरेनिड, फॅलॅंजिओटार्बिड आणि हॅप्टोपोडा. ही नावं एकदाच नीट वाचून घ्या. पुढे मुख्यतः पहिल्या दोघांशीच काम आहे.

जीवाश्म कोळ्याचा आहे की नाही हे ठरवताना तज्ज्ञ पायांकडे फारसं पाहत नाहीत, कारण आठ पाय सगळ्यांनाच असतात. ते उदर पाहतात. उदराच्या पाठीवर कठीण पट्ट्या आहेत का, त्या उभ्या विभागलेल्या आहेत का? मागच्या टोकाला शेपटी आहे का? आणि स्पिनरेट आहेत का? स्पिनरेट म्हणजे उदराखालचे बोटांसारखे हलणारे अवयव. त्यांच्यावर सूत बाहेर पडण्याच्या बारीक तोट्या असतात. कोळी स्पिनरेट हलवतो, म्हणून त्याला धागा हव्या त्या जागी चिकटवता येतो.

## हाडं नाहीत, मग जीवाश्म कसा होतो?

अष्टपादाचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं असतं. शंखशिंपल्यांत असतो तसा चुना त्यात नसतो. मेलेला कोळी उघड्यावर पडला तर थोड्याच काळात त्याचा मागमूस राहत नाही. आज कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. जीवाश्मांतून माहीत असलेल्या जाती मात्र 1,400 च्या आसपास. जे टिकलं ते अपवादात्मक परिस्थितीत टिकलं, आणि प्रत्येक परिस्थितीची स्वतःची खोट आहे. ती माहीत नसली तर जीवाश्म चुकीचा वाचला जातो.

पहिली जागा स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळची. सुमारे 40.7 कोटी वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. पाण्यात सिलिका विरघळलेली होती. पाणी आसपासच्या दलदलीत पसरलं की झाडं आणि प्राणी कुजण्याआधीच त्यांच्या पेशींत सिलिका भरायची आणि सगळ्याचा गारगोटीच्या जातीचा दगड व्हायचा. त्याला चर्ट म्हणतात. 1912 मध्ये विल्यम मॅकी या डॉक्टरांच्या हा दगड लक्षात आला. 1923 मध्ये हर्स्ट या संशोधकांनी त्यातल्या अष्टपादांचं वर्णन केलं. चर्टची पातळ चकती कापून, प्रकाश आरपार जाईल इतकी घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की आतल्या प्राण्याचे केससुद्धा दिसतात.

अडचण अशी की चकती म्हणजे प्राण्याचा एकच छेद. पाय तिरपा कापला गेला तर तो लांबट वर्तुळ दिसतो, आणि चकती कापताना करवतीच्या जाडीएवढा भाग कायमचा जातो. क्ष-किरणांनी काम भागेल असं वाटतं, पण प्राणीही सिलिकाचा आणि भोवतालचा दगडही सिलिकाचा. दोघांत फरकच कमी, म्हणून चित्र धूसर येतं.

दुसरी जागा कोळशाच्या युगातली, साधारण 31 कोटी वर्षांपूर्वीची. इंग्लंडमधलं कोझली, अमेरिकेतलं मेझन क्रीक, फ्रान्समधलं मोंसो-ले-मिन. इथे चिखलात गाडल्या गेलेल्या मृत प्राण्याभोवती लोहाचं कार्बोनेट साचून घट्ट गोटा तयार झाला. आतला प्राणी पुढे कुजून गेला, पण त्याच्या आकाराची पोकळी राहिली. हातोडीनं गोटा फोडला की दोन अर्धे मिळतात, एकात पाठीचा ठसा आणि दुसऱ्यात पोटाचा. पाय मात्र बहुतेक वेळा दगडातच गाडलेले राहतात. पूर्वी ते सुईनं कोरून काढायचा प्रयत्न होई आणि त्यात बारीक टोकं तुटत. आता गोटा क्ष-किरण सीटी यंत्रात हळूहळू फिरवतात, हजारो प्रतिमा घेतात आणि संगणकावर पोकळीचा आकार जुळवतात. इथे पोकळी आणि लोहयुक्त दगड यांत फरक ठळक असतो, त्यामुळे ही पद्धत उत्तम चालते. कष्टाचा भाग नंतर येतो: प्रत्येक छेदात कुठला भाग पायाचा आणि कुठला दगडातल्या भेगेचा, हे माणसाला ठरवावं लागतं.

तिसरी पद्धत आम्लाची. न्यूयॉर्क राज्यातल्या गिलबोआच्या सुमारे 38.5 कोटी वर्षं जुन्या खडकात मूळ कवचाचे कागदापेक्षा पातळ तुकडे शिल्लक आहेत. हायड्रोफ्लुओरिक आम्ल खडकातली सिलिकेट खनिजं विरघळवतं, कवचाला हात लावत नाही. उरलेला गाळ चाळून तुकडे काचपट्टीवर घेतात. हे आम्ल त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं, म्हणून हे काम खास प्रयोगशाळेतच होतं. तुकडे अत्यंत सुबक मिळतात, पण सुटे. कुठला पाय कुठल्या पोटाचा, याची चिठ्ठी सोबत नसते.

चौथी जागा अंबर, म्हणजे झाडाची घट्ट झालेली राळ. तपशिलाच्या बाबतीत त्याला तोड नाही. पण राळेत लहान प्राणी अडकतात, मोठे सुटतात. आणि काळाची मर्यादाही आहे: प्राणी असलेलं बहुतेक अंबर गेल्या 13 कोटी वर्षांतलं. इटलीच्या डोलोमाइट पर्वतात 23 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबराचे सुमारे 70,000 थेंब तपासले तेव्हा त्यांत दोन माइट आणि एक माशी एवढेच प्राणी हाती लागले. 2012 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एवढ्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी.

## ट्रायगोनोटार्बिड: कोळ्यांच्या आधीचे शिकारी

आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या जमिनीवरच्या अष्टपादांमध्ये ट्रायगोनोटार्बिड येतात. इंग्लंडच्या लडलो गावाजवळ मिळालेला पॅलिओटार्बस जेरामी सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा जमिनीवर झाडं म्हणावी अशी झाडं नव्हती, बोटभर उंचीच्या वनस्पती होत्या. शेवटचे ट्रायगोनोटार्बिड जर्मनीतल्या केमनिट्सच्या अश्मीभूत जंगलात, 29.1 कोटी वर्षांपूर्वीच्या थरात मिळतात. म्हणजे हा गण जवळपास 13 कोटी वर्षं टिकला.

दिसायला ते कोळी आणि माइट यांच्या मधले वाटतील. ओळखायची खूण उदरावर आहे: पाठीवरच्या बहुतेक पट्ट्या उभ्या तीन तुकड्यांत विभागलेल्या असतात, मधला एक आणि कडेचे दोन. एकदा ही खूण कळली की फोटोतूनही गण ओळखता येतो. स्पिनरेट नाहीत, सूत काढल्याचा पुरावाही नाही. बहुतेक जाती काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटीमीटरच्या.

ऱ्हायनीच्या चर्टमधला पॅलिओकॅरिनस हा त्यांतला सर्वांत नीट अभ्यासलेला. त्याच्या उदरात पुस्त-फुप्फुसं दिसतात. वहीच्या पानांसारख्या पातळ पडद्यांची ही चळत असते. पडद्यांच्या आत रक्तासारखा द्रव आणि मधल्या फटींत हवा. 1961 मध्ये क्लॅरिज आणि लायन यांनी ती दाखवली. 2008 मध्ये आणखी बारकाईनं पाहिल्यावर पडद्यांमधले आधाराचे सूक्ष्म खांबही सापडले. फटी मिटू नयेत म्हणून हे खांब असतात, आणि फटी उघड्या ठेवण्याची गरज हवेत श्वास घेणाऱ्यालाच पडते. पाण्यात पडद्यांना पाण्याचाच आधार मिळतो. म्हणून 40 कोटी वर्षांपूर्वी हा प्राणी पूर्णपणे जमिनीवरचा होता असं खात्रीनं म्हणता येतं.

कोळशाच्या युगात या गणात वैविध्य आलं. एओफ्रायनस प्रेस्टविची या जातीचा नमुना 1837 मध्ये विल्यम बकलंड यांनी भुंगा म्हणून नोंदवला होता. उदरावरच्या गाठी पाहून तसं वाटणं शक्य होतं, कारण पाय दगडात होते. 2009 मध्ये लंडनच्या संशोधकांनी या जातीचा गोटा सीटी यंत्रात घातला, तेव्हा लांब पाय आणि उदरावरचे काटे पहिल्यांदा पूर्ण दिसले. लांब पाय पळून शिकार करणाऱ्याचे, काटे मोठ्या शिकाऱ्यापासून बचावाचे, असा अर्थ त्यांनी लावला. त्याच अभ्यासातल्या क्रिप्टोमार्टस हिंडी या दुसऱ्या जातीचे पुढचे पाय पुढच्या बाजूला वळलेले होते. आजचे खेकडा-कोळी असेच दबा धरून बसतात. एकाच गणात दोन वेगळे धंदे, आणि दोन्ही धंदे पुढे कोळ्यांनी केले.

## एका घडीमुळे 19 वर्षं टिकलेला गैरसमज

1989 मध्ये गिलबोआच्या तुकड्यांत एक छोटा नळीसारखा भाग मिळाला. त्यावर सुताच्या तोट्या होत्या. नळी आणि तोट्या म्हणजे स्पिनरेट. स्पिनरेट म्हणजे कोळी. त्या काळच्या माहितीनुसार हा निष्कर्ष रास्त होता. अ‍ॅटरकोपस फिम्ब्रिअंग्विस नावाचा हा प्राणी जगातला सर्वांत जुना कोळी म्हणून पाठ्यपुस्तकांत गेला.

2008 मध्ये सेल्डन, शिअर आणि सटन या संशोधकांनी जुने तुकडे आणि नवे तुकडे शेजारी ठेवून पुन्हा पाहिले. नळी ही नळी नव्हती. कागदाचा तुकडा गुंडाळला की सुरळी दिसते, तसा कवचाचा एक सपाट पत्रा घडी पडून गुंडाळला गेला होता. तोट्या खऱ्या होत्या, पण त्या उदराखालच्या सपाट पट्टीच्या कडेवर ओळीनं बसलेल्या होत्या. शिवाय पूर्वी वेगळ्याच प्राण्याचा समजला गेलेला, बारीक कड्यांचा चाबकासारखा भाग याच प्राण्याची शेपटी ठरला. सूत आहे, स्पिनरेट नाहीत, शेपटी आहे: आजच्या कुठल्याच कोळ्यात न दिसणारी जुळणी. म्हणून या प्राण्यांसाठी युरॅरेनिड हा नवा गण केला गेला. रशियाच्या उरल भागातला पर्मॅरॅक्ने हा प्राणीही या गणात आला. त्याच्या मागच्या लांब भागाला आधी स्पिनरेट म्हटलं होतं, तीही शेपटीच निघाली.

गुंडाळलेला पत्रा ओळखण्याची युक्ती साधी आहे. खरी नळी सगळ्या बाजूंनी सारख्या जाडीची दिसते. घडी पडलेल्या पत्र्यात एका बाजूला दोन थर एकावर एक येतात, तिथे रंग गडद होतो आणि कड दुहेरी दिसते. हे कळायला मात्र तसेच, घडी न पडलेले आणखी तुकडे हाताशी लागतात. एका नमुन्यावर उभा असलेला निष्कर्ष का डळमळीत असतो, ते इथे दिसतं.

## मग त्या सुताचं करत काय होते?

हरकत योग्य आहे. गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याची सवय असल्यामुळे सूत म्हटलं की जाळं आठवतं. पण 38.5 कोटी वर्षांपूर्वी हवेत उडणारे कीटक असल्याचा ठोस पुरावा नाही. पंखांचे निश्चित जीवाश्म त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी येतात. जाळ्यात पकडायला काही नसताना जाळं कशाला? शिवाय पट्टीच्या कडेला ओळीनं बसवलेल्या तोट्या सुताची चादर सोडू शकतात, एक धागा नेमक्या बिंदूवर नेऊन चिकटवू शकत नाहीत. अंडी गुंडाळणं, बिळाला अस्तर लावणं, बिळाच्या तोंडाशी सूत पसरून कुणी पाय ठेवला की कळणं, ही कामं मात्र अशा सुतानं होतात. आजच्या कोळ्यांतही अंड्यांची सुती पिशवी सर्वत्र दिसते, जाळं मात्र सगळेच विणत नाहीत.

## शेपटी गेली कधी?

आता गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते.

मोंसो-ले-मिनचा इडमोनॅरॅक्ने ब्रेझिएरी 30.5 कोटी वर्षांपूर्वीचा, सुमारे एक सेंटीमीटरचा. 2016 मध्ये स्कॅनिंग करून त्याचं वर्णन झालं. जबडे कोळ्यासारखे, शेपटी नाही, आणि स्पिनरेटही नाहीत. त्याच खाणीत त्याच थरांत खरे कोळीही मिळतात, स्पिनरेट असलेले. म्हणजे कोळी तयार झाल्यावरही त्यांची अर्धवट वाटणारी चुलत घराणी शेजारीच नांदत होती.

मग 2018 मध्ये म्यानमारच्या अंबरातून किमेरॅरॅक्ने यिंगी आला. वय सुमारे 10 कोटी वर्षं, अंग अडीच मिलिमीटर, शेपटी तीन मिलिमीटर. स्पिनरेट आहेत. नराचे पेडिपाल्प कोळ्याच्या नरासारखे शुक्राणू पोचवण्यासाठी बदललेले आहेत. उदरावर पट्ट्याही आहेत. दोन गटांनी एकाच वेळी, वेगवेगळ्या नमुन्यांवर काम करून लेख प्रसिद्ध केले. एका गटाच्या मते हा प्राणी कोळ्यांच्या अगदी जवळ, कोळ्यांच्याच शाखेच्या बुडाशी आहे. दुसऱ्या गटानं त्याला युरॅरेनिडांत ठेवलं. मतभेद नमुन्यातल्या अवयवांवर नाही, ते दोघांनाही सारखेच दिसले. मतभेद आहे तो कुठल्या खुणेला किती वजन द्यायचं यावर.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. 10 कोटी वर्षांपूर्वीचा शेपटीवाला प्राणी आजच्या कोळ्यांचा पूर्वज असू शकत नाही, कारण खरे कोळी त्याच्या 20 कोटी वर्षं आधीपासून होते. तो शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या जुन्या शाखेचा प्रतिनिधी आहे. त्याच्यामुळे कळतं ते हे, की त्याच्या आणि कोळ्यांच्या समान पूर्वजाला बहुधा शेपटी होती. जुन्यानंतर नवं, त्यानंतर आणखी नवं अशी सरळ शिडी लावायला गेलं की हे जीवाश्म क्रमात बसत नाहीत. झाडाच्या फांद्या लावल्या की बसतात.

या सगळ्याचा जिवंत दुवाही आहे. जपान, चीन आणि आग्नेय आशियात मेसोथेली नावाचे कोळी बिळं करून राहतात. त्यांच्या उदरावर अजून पट्ट्या आहेत आणि स्पिनरेट टोकाला नसून पोटाच्या मध्यभागी आहेत. मोंसो-ले-मिनच्या पॅलिओथेले या जीवाश्म कोळ्याशी त्यांची रचना जुळते.

## ‘पण तेव्हा राक्षसी कोळी होते ना?’

नव्हते. निदान तसा एकही जीवाश्म नाही.

या समजुतीचं मूळ बऱ्याच अंशी एकाच दगडात आहे. 1980 मध्ये अर्जेंटिनाच्या सान लुईस प्रांतातल्या जीवाश्माचं मारिओ हुनिकेन यांनी मेगॅरॅक्ने सेर्विनेई या नावानं वर्णन केलं. अंगाची लांबी 34 सेंटीमीटर आणि पायांचा पसारा अर्धा मीटर, असा हा जगातला सर्वांत मोठा कोळी ठरला. त्याच्या प्रतिकृती संग्रहालयांत गेल्या. काही तज्ज्ञांना शंका होती, पण बहुतेकांच्या हाती केवळ प्लास्टरचे साचे होते. मग दुसरा नमुना मिळाला आणि 2005 मध्ये निर्णय झाला: हा युरिप्टेरिड आहे. युरिप्टेरिडांना समुद्री विंचू म्हणण्याची पद्धत असली तरी ते विंचू नाहीत. अष्टपादांचे हे पाण्यातले दूरचे नातेवाईक पुढे नामशेष झाले. 2005 च्या त्या लेखाच्या लेखकांत हुनिकेन स्वतः होते, ही गोष्ट मला फार आदराची वाटते.

खऱ्या जीवाश्म कोळ्यांत सर्वांत मोठा मानला जातो मंगोलॅरॅक्ने जुरासिका, आतील मंगोलियातला, 16.5 कोटी वर्षांपूर्वीचा. मादीचं अंग सुमारे अडीच सेंटीमीटर, पुढचा पाय साडेपाच सेंटीमीटरहून थोडा लांब. आज दक्षिण अमेरिकेत राहणाऱ्या गोलायथ टॅरँटुलाच्या पायांचा पसारा 30 सेंटीमीटरपर्यंत जातो. म्हणजे माहीत असलेले सर्वांत मोठे कोळी आजच्या काळात जगत आहेत.

विंचवांची गोष्ट निराळी. स्कॉटलंडच्या ईस्ट कर्कटन इथला पल्मोनोस्कॉर्पियस 33 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आणि 70 सेंटीमीटरपर्यंत लांब होता. आजचे सर्वांत लांब विंचू सुमारे 23 सेंटीमीटरचे. हवेत प्राणवायू जास्त होता म्हणून प्राणी मोठे, असं उत्तर लगेच दिलं जातं. कोळशाच्या युगात ते प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, आज 21 आहे, त्यामुळे काही वजन या उत्तरात आहे. पण त्याच युगातले कोळी आणि ट्रायगोनोटार्बिड लहानच राहिले, हे ते उत्तर सांगत नाही. पाठीचा कणा असलेले मोठे शिकारी जमिनीवर अजून थोडे होते, हे कारणही सोबत धरायला हवं. आणि आकडे वाचताना जपायला हवं: ब्रॉन्टोस्कॉर्पियो या विंचवाची लांबी जवळपास एक मीटर सांगितली जाते, ती पुढच्या चिमट्याच्या एका बोटाच्या तुकड्यावरून काढलेली आहे. अशा हिशेबात प्रमाण धरायला घेतलेली जात बदलली की उत्तर बदलतं.

## ‘अंबरातून डीएनए काढून प्राणी परत आणता येईल?’

नाही. डीएनए पाणी आणि उष्णतेनं तुटत जातो. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीचा आहे. अंबरातला कोळी त्याच्या पन्नासपट जुना असू शकतो. बाहेरून तो ताजा दिसतो, पण आत बहुधा पोकळी किंवा काजळीसारखा थर असतो.

डीएनए नसला तरी अंबर वागणूक जपतं. म्यानमारच्या अंबरात डायनोसॉरच्या पिसाला धरून बसलेली गोचीड 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. कुणाचं रक्त कोण पीत होतं, याचा इतका थेट पुरावा दगडातून मिळणं कठीण.

## उरलेले दोन गण

फॅलॅंजिओटार्बिड डेव्होनियन ते पर्मियन काळातले, म्हणजे कोळशाच्या युगाच्या आधीपासून ते त्याच्या नंतरपर्यंतचे. सहा डोळे, आणि उदराच्या पाठीवरच्या पहिल्या सहा पट्ट्या अगदी आखूड. त्यांचं नातं कुणाशी, यावर एकमत नाही. हॅप्टोपोडात एकच जात आहे, प्लेसिओसिरो मॅडेलेयी. तिचे सगळे नमुने कोझलीचेच. एका खाणीतले गोटे कुणी गोळा केले नसते तर हा संपूर्ण गण अज्ञात राहिला असता.

## नवी बातमी किंवा नमुना समोर आला की

आधी मोजपट्टी शोधा. शास्त्रीय फोटोत एक रेघ असते आणि तिची लांबी लिहिलेली असते. ती नसेल तर आकाराबद्दलचा कुठलाही दावा धरू नका. मग पाहा, फोटो जीवाश्माचा आहे की कल्पनाचित्र. नमुने किती, हे वाचा. शेवटी उदर पाहा: पट्ट्या, शेपटी, स्पिनरेट. या तिन्हींबद्दल बातमीत काहीच नसेल तर ‘कोळी’ हा शब्द मथळ्यासाठी वापरला असण्याची शक्यता मोठी.

दगडावरच्या जीवाश्मात पाय शंकास्पद गुळगुळीत आणि एकसारख्या रंगाचे दिसले तर सावध व्हा. 2019 मध्ये चीनच्या यिक्सियन थरातला एक मोठा कोळी नवी जात म्हणून प्रसिद्ध झाला. उदराचे खंड आणि पायांचे सांधे कोळ्याशी जुळत नव्हते. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली दगड, जीवाश्म आणि रंग वेगवेगळे चमकले. तो चिंगाटीच्या जवळचा गोड्या पाण्यातला क्रेफिश होता, आणि कोळ्यासारखे दिसावेत म्हणून पाय रंगानं काढलेले होते.

अंबर विकत घेणाऱ्यांसाठी: त्याची घनता 1.05 ते 1.10 असते, म्हणून ते गोड्या पाण्यात बुडतं आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात तरंगतं. या चाचणीत काच आणि जड प्लास्टिक बाद होतं, पण काही हलकी प्लास्टिकंही तरंगतात, तेव्हा इथे थांबू नका. कडेला, प्राण्यापासून दूर, अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका. पृष्ठभाग चिकट झाला तर ती कोपल, म्हणजे फार तर काही लाख वर्षं जुनी कोवळी राळ आहे. तापलेली सुई टोचण्याची जुनी पद्धत टाळा, तिनं नमुन्याला तडा जातो. प्राणी अगदी मध्यभागी, पाय सुबक पसरलेले आणि आकार मोठा असेल तर बनावटीची शक्यता धरा. राळेत अडकलेला जीव धडपडतो. त्याचे पाय वाकडे असतात, भोवती बुडबुडे आणि कचरा असतो.

म्यानमारच्या अंबराबद्दल आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ते जमिनीतून कधी निघालं? ते काचिन राज्यातल्या संघर्षाच्या भागातून येतं, आणि 2017 मध्ये तिथल्या खाणींचा ताबा लष्करानं घेतला. त्यानंतर बाहेर आलेल्या नमुन्यांवर संशोधन करू नये अशी भूमिका काही शास्त्रज्ञ आणि नियतकालिकांनी घेतली आहे. म्हणून नमुना कुणाकडून, कुठून आणि कोणत्या वर्षी मिळाला याची लेखी नोंद मागा. अशी नोंद नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या उपयोगाचा राहत नाही.